हॉटप्रेसमधली ऊब

आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळींत दोनच पंथ आहेत: हॉस्पिटलवाले आणि सॉफ्टवेअरवाले. मी दोन्हींत बसत नाही. मी कौन्सिलमध्ये आहे. दिवाळीच्या फराळाला डब्लिनच्या ओंगार उपनगरात कुणाच्या घरी जमलो की नवीन आलेला कुणीतरी विचारतोच, "कौन्सिल म्हणजे नक्की काय हो?" मी तोंड उघडायच्या आत माझी बायको, जी डॉक्टर आहे आणि रोगाचं नाव रुग्णाला सरळ सांगावं या मताची आहे, ती म्हणते, "नगरपालिका." मग सगळे माझ्याकडे बघतात. त्या बघण्यात सहानुभूती असते.

एकदा एका गृहस्थांनी चकली मोडता मोडता मला धीर दिला होता. "असू द्या. पुण्यात महापालिकेत असतात तर एव्हाना दोन फ्लॅट झाले असते."

"इथे माझ्याकडे दोन फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त घरं आहेत," मी म्हटलं. "फक्त त्यांत दुसरी माणसं राहतात."

ते हसले नाहीत. त्यांना वाटलं मी खरंच काहीतरी जमवलंय.

पण उत्तर खरं होतं. ज्यांना बाजारभावानं भाडं परवडत नाही त्यांच्यासाठी इथे कौन्सिल घरं बांधतं आणि कमी भाड्यानं देतं. मध्य आयर्लंडमधल्या आमच्या छोट्या कौन्सिलात त्या घरांच्या देखभालीचा मी इंजिनिअर. भाड्याच्या घराचा किमान दर्जा काय असावा याचे देशात नियम आहेत: ओल नसावी, हवा खेळती असावी, ऊब असावी, धूर झाला तर भोंगा वाजावा. खाजगी घरमालक हे नियम पाळतात की नाही हे आम्ही तपासतो. मग कुणीतरी वर विचारलं की तुमच्या स्वतःच्या घरांचं काय? दुसऱ्याला नियम लावणाऱ्यानं स्वतः त्या नियमांत बसायचं, हे आसन सगळ्याच सरकारांना अवघड जातं. आम्ही ते घालायला घेतलं तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो.

पहिली निवड झाली ती गावाबाहेरच्या एका जुन्या ओळीची. खडे थापलेल्या करड्या भिंती, पुढे चिमूटभर हिरवळ, मागे अंगण आणि अंगणात कपड्यांची दोरी. आयर्लंडमध्ये अंगणातली दोरी ही आशावादाची खूण आहे. तिच्यावर कपडे वाळतात असा कुणाचा दावा नसतो. या घरांना बाहेरून जाड अस्तर चढवलं, नव्या खिडक्या आल्या, घर तापवणारे जुने बॉयलर जाऊन विजेवरचे हीट पंप आले. काम संपल्यावर फीत कापायला कौन्सिलचे अध्यक्ष आले. त्यांच्या गळ्यात पदाची साखळी असते. भरजरी, जड, आणि पावसात थोडी केविलवाणी. त्या दिवशी रिपरिप चालूच होती. अध्यक्षांनी नव्या युगाच्या पहाटेवर भाषण केलं आणि सगळे लगबगीनं गाड्यांत जाऊन बसले. त्या समारंभाचा फोटो आमच्या ऑफिसच्या जिन्यात लावलेला आहे. मी त्यात आहे: कुणाच्या तरी छत्रीमागे, एक कान.

त्याच हिवाळ्यात त्या ओळीतल्या घरांना बुरशी लागली.

कागदावर ते शक्य नव्हतं. भिंती उबदार, खिडक्या घट्ट, प्रत्येक खोलीत हवेचा झरोका. नियमांच्या यादीतलं प्रत्येक कलम हिरवं झालेलं. तरी वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागले आणि तक्रारी आल्या. आमच्या कॉम्प्युटरवर अशा तक्रारीसाठी एक तयार कारण होतं: "वापराची सवय". म्हणजे भाडेकरू घरात कपडे वाळवतो, स्वयंपाक करतो, आंघोळ करतो, श्वास घेतो, आणि त्यामुळे बाष्प होतं. ते कारण निवडलं की तक्रार आपोआप बंद व्हायची. एखाद्या घरात माणसं राहतात हाच त्या घराचा दोष, असं सांगणारं इतकं सुटसुटीत बटण मी दुसऱ्या कुठल्याही खात्यात पाहिलेलं नाही.

मी ज्या घरात आधी गेलो ते ओळीच्या टोकाचं. बरोबर आमचा फोरमन होता. निवृत्तीला आलेला, याच गावात वाढलेला, जगातल्या प्रत्येक पुरुषाला "युअर मॅन", म्हणजे 'तो गडी', म्हणणारा. अध्यक्षांनाही, पोपलाही, आणि माझ्या पाठीमागे बहुधा मलाही. दार उघडलं ते शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या एका विधवा बाईंनी.

"चहा घेणार?"

"नको, आत्ताच झाला," मी म्हटलं.

"मी विचारत नव्हते, लव्ह," त्या म्हणाल्या आणि किटली चालू केली.

बैठकीच्या खोलीत, सोफ्याला खेटून, बाबागाडीत एक तान्हं बाळ झोपलं होतं. त्यांची नात. बाळाची आई, म्हणजे यांची मुलगी, कौन्सिलच्या घरासाठी प्रतीक्षायादीत होती आणि तोवर इथे आईकडे राहत होती. वरची मागची खोली बाळासाठी रंगवलेली होती: फिकट पिवळा रंग, भिंतीवर एक ससा. सशाच्या कानामागून बुरशी वर चढत छताला पोचली होती.

"बाळ तपासायला सरकारी नर्स आली होती," बाई म्हणाल्या. "बाळाची छाती वाजतेय. तिनं सांगितलं, या खोलीत निजवायचं नाही. खाली सोफ्याशेजारी किती दिवस ठेवणार? आता तुमच्याच लोकांनी मुलीला हॉटेलातली खोली देऊ केलीय. दुसऱ्या गावात. शुक्रवारपर्यंत हो की नाही सांगायचंय."

तुमच्याच लोकांनी, म्हणजे आमच्याच इमारतीत, आमच्याच कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या, बेघरांसाठीच्या विभागानं. आमचं टोक भिंत पुसायला तयार नव्हतं, आणि त्यांचं टोक त्या भिंतीमुळे घराबाहेर पडणाऱ्या बाळाला हॉटेल द्यायला तयार होतं. दोन्ही टोकं आपापल्या जागी कार्यक्षम होती.

"हॉटेलात एक खोली," बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघर नाही. मी बसने जाऊन नातीला बघायचं. ती हॉटेलात रांगायला शिकणार. आणि माझ्याकडे ससा काढलेली खोली रिकामी."

मी भिंतीवर ओल मोजायचं यंत्र लावलं. मग आजूबाजूला बघितलं. घरभर कपडे होते. जिन्याच्या कठड्यावर, खुर्च्यांच्या पाठींवर, खोल्या तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरवर बाळाची झबली, दुपटी, चिमुकले मोजे. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं.

बाहेर आल्यावर फोरमन म्हणाला, "बघितलंस ना? ते सगळं पाणी हवेत जातं आणि कोपऱ्यात जाऊन बसतं. कारण 'वापराची सवय' टाक आणि चल."

शास्त्र त्याच्या बाजूनं होतं. तरी बाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. निरोप घेताना त्या दारात म्हणाल्या होत्या, "याच घरात मी माझी मुलं वाढवली. तेव्हा भिंती थंडगार होत्या, खिडक्यांतून वारा यायचा, पण एक भिंत कधी काळी झाली नाही. तुम्ही घर चांगलं केलंत, तेव्हापासून ते आजारी पडलंय."

असं सगळेच म्हणतात. जुनं ते चांगलं होतं हे ऐकायला मला आयर्लंडला यायची गरज नव्हती. पण मी बटण दाबलं नाही. तक्रार उघडी ठेवली, आणि तिच्या शेजारी कॉम्प्युटर लाल रंगात माझं नाव दाखवू लागला.

*

त्या हिवाळ्यात माझी आई आमच्याकडे आली होती. आयांनी इथे उन्हाळ्यात यायचं असा रिवाज आहे, पण बायकोच्या ड्युट्या आणि परीक्षा एकत्र आल्या आणि आई कराडहून थेट अंधारात उतरली. तिनं घर पाहिलं, पाऊस पाहिला आणि विरजण लावायला जागा शोधायला लागली.

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आणि जिन्याच्या माथ्यावर ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते, तो हॉटप्रेस. टाकीच्या वर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या असतात. आयरिश माणूस तिथे टॉवेल, चादरी, अर्धवट वाळलेले कपडे ठेवतो. मराठी माणूस तिथे दही लावतो. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही; स्लायगोपासून ॲथलोनपर्यंत ज्या ज्या मराठी घरात मी गेलोय, तिथे हॉटप्रेसमध्ये चादरींच्या मागे एक झाकलेलं पातेलं असतंच. कुणाचं इडलीचं पीठ, कुणाचं दही. पाहुणा टॉवेल घ्यायला गेला आणि आंबोळीच्या पिठात हात घालून आला, ही गोष्ट आमच्यात प्रत्येक गावात वेगळ्या पाहुण्याच्या नावावर सांगितली जाते.

आईचं दही लागेना.

पहिल्या सकाळी पातेल्यात दूध होतं. दुसऱ्या सकाळी किंचित नाराज दूध. आईनं तपास सुरू केला. आधी गाईंवर संशय आला.

"हितल्या गाईंना बारा म्हैनं थंडी वाजती. त्यांचं दूध लागणार कसं?"

मग दुकानातल्या दह्यावर, ज्याचं विरजण घेतलं होतं. "ह्ये दही न्हाईच. पांढरा रंग हाय."

मग माझ्या बायकोवर, पण आडून. "अगं, तू काय ते औषधाचं हात धुती ना सारखी, त्यानं तर न्हवं?"

"आई, मी पातेल्याला हातसुद्धा लावलेला नाही," बायको म्हणाली.

"तेच म्हणती मी. घरातल्या बाईचा हात लागाय हवा."

आमची मुलगी गृहपाठ करता करता म्हणाली, "आजी, वी कॅन जस्ट बाय योगर्ट. इट्स ग्रँड." इथे ठीक आहे, चालेल, या सगळ्याला ग्रँड म्हणतात.

"ही काय म्हणती?"

"विकत आणू म्हणतेय," मी म्हटलं.

"म्हण म्हणावं. आमच्यात दही विकत आणाय लागलं की लोक म्हणतात घरात कुणी गेलंय का काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला जाताना मी हॉटप्रेसमधून टॉवेल काढला. तो थंड होता. नुसता थंड नाही, दमट. पूर्वी तिथून काढलेला टॉवेल हातात घेतला की एखाद्या ओळखीच्या माणसानं पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटायचं. मी टाकीला हात लावला. टाकी नवी होती. त्या शरदात आमच्या घरमालकानं जुनी तांब्याची टाकी काढून ही बसवली होती. जाड अस्तराची, थर्माससारखी. आत पाणी उकळत असलं तरी बाहेर हाताला काही कळू नये, इतकी उत्तम. घर आधी नियमांत बसत नव्हतं म्हणून तो बदल झाला होता. ती तपासणी करणाऱ्या खात्यात मीच नोकरीला आहे, हे मी घरमालकाला सांगितलेलं नाही.

मी टॉवेल हातात धरून तसाच उभा राहिलो.

जुन्या टाकीतून सतत थोडी उष्णता गळायची. आम्ही इंजिनिअर तिला अपव्यय म्हणतो. प्रत्येक अहवालात तिची नोंद असते, आणि प्रत्येक अहवाल ती कशी थांबवायची हे सांगतो. पण त्या गळक्या उबेवर या देशातले लोक पिढ्यान्‌पिढ्या कपडे वाळवत होते. दार बंद करून, कपाटात, भिंतींपासून दूर. आम्ही त्या ओळीतल्या प्रत्येक घरात थर्माससारखी टाकी बसवली, कपाट थंड केलं, आणि कपडे रेडिएटरवर आले. ओल कपाटातून खोलीत आली. खिडक्या आम्हीच इतक्या घट्ट करून ठेवल्या होत्या की तिला बाहेर जायला वाटही नव्हती. आणि झरोके म्हणाल तर त्या कपड्यांपुढे ते बिचारे केवढेसे.

आई खालून ओरडली, "काय झालं रं? आंघूळ न्हाई का करायची?"

"आई, गाईंची चूक नाही."

"मग कुणाची?"

"माझ्या खात्याची."

"ती तर मला पैल्यापासनं ठावं हाय," आई म्हणाली. माझं खातं नेमकं काय करतं हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, पण नगरपालिकेविषयी तिची मतं तयार होती.

*

त्या दिवशी मी पुन्हा टोकाच्या घराचं दार वाजवलं.

"मला तुमचा हॉटप्रेस बघायचाय."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझा हॉटप्रेस? तुझं लग्न झालंय ना?"

आत इस्त्रीचा बोर्ड होता, नाताळच्या सजावटीचा खोका होता, आणि पांढरी, देखणी, बाहेरून थंड टाकी. फळ्या नव्हत्या. टाकी बसवणाऱ्यांनी त्या काढल्या होत्या.

"आधी इथे काय असायचं?"

"काय असायचं म्हणजे?" त्यांना प्रश्नच कळेना, इथल्या माणसाला कुणी असं विचारत नाही. "कपडे असायचे. दुसरं काय? बाहेरून ओले आणायचे, इथे ठेवायचे, सकाळी शाळेत पाठवायचे. माझ्या मुलांचे मोजे या कपाटानं वाढवलेत."

मग मी ओळीतलं प्रत्येक घर घेतलं. भिंतींबद्दल कुणाला काही विचारलं नाही. फक्त हॉटप्रेस उघडून दाखवा म्हटलं. प्रत्येक घरात तो थंड, आणि एक सोडून प्रत्येक घरात रेडिएटरवर कपडे. त्या एका घरी बुरशीचा ठिपकाही नव्हता. तिथे एकटे राहणारे एक आजोबा होते. मी आशेनं विचारलं, तुम्ही कपडे कुठे वाळवता? ते म्हणाले, "मी धुतच नाही. बहीण नेते."

फोरमनला हे सांगितलं तेव्हा त्यानं फिरवायला घेतलेली गाडीची किल्ली तशीच सोडली. मग म्हणाला, "माझ्या घरीही तीच टाकी आहे. बायको दोन वर्षं सांगतेय की टॉवेल ओले राहतात. मी तिला म्हटलं, तुझी सवय."

आणि तो हसला, मनापासून, स्वतःवर. त्यानंतर त्या कामात माझ्यापेक्षा तोच पुढे होता.

बैठक झाली. आमच्या विभागाच्या प्रमुख बाई होत्या, मी होतो, फोरमन होता, आणि भिंतीवरच्या पडद्यावर डब्लिनहून जोडले गेलेले एक सल्लागार. सल्लागारांनी माझं म्हणणं सौजन्यानं ऐकून घेतलं. मग त्यांनी स्लाइड लावली. तिच्यावर मधोमध "रहिवासी" असं लिहिलेलं वर्तुळ होतं आणि त्याच्याभोवती बाण फिरत होते.

"माझ्या मते हा जागरूकतेचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "एक पत्रक काढू या. दिवसातून दोनदा खिडक्या उघडा, असं."

"जानेवारीत?" फोरमननं विचारलं.

"थोडा वेळ."

"तू ये आमच्याकडे जानेवारीत. थोडा वेळ."

प्रमुख बाईंनी हात वर केला. त्या कमी बोलतात, आणि पहाट, युग, प्रवास असे शब्द वापरत नाहीत. त्या खात्यात मी टिकलो याचं ते एक कारण आहे. त्यांनी मला विचारलं, "तुला काय हवंय?"

"कपाट पुन्हा गरम. टाकीचं अस्तर काढायचं नाही, ती चांगलीच आहे. घर तापवणाऱ्या पाण्याची एक छोटी नळी कपाटातून फिरवायची, वर पट्ट्यांच्या फळ्या, आणि कपाटाच्या माथ्यावर ओली हवा थेट बाहेर नेणारा पंखा."

"म्हणजे आपण एक कपाट तापवणार," पडद्यावरून आवाज आला. "घराच्या ऊर्जा-प्रमाणपत्रावरची श्रेणी त्यानं खाली येऊ शकते."

प्रमाणपत्र ही आमच्याकडे देवघरातली वस्तू आहे.

"नियम सांगतो की घरात ओल नसावी," प्रमुख बाई म्हणाल्या. "प्रमाणपत्राची भिंत काळी झालेली मी अजून पाहिली नाही. एका घरात करा. त्याला प्रायोगिक प्रकल्प म्हणा. प्रायोगिक म्हटलं की कुणी अडवत नाही."

"पण शुक्रवार?" मी म्हटलं. भिंत सुकायला वेळ लागणार होता, आणि हॉटेलचं उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं.

त्या उठल्या आणि कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडे स्वतः चालत गेल्या. तो कॉरिडॉर चालायला फार वेळ लागत नाही. फक्त या कामासाठी त्याआधी तो कुणी चाललं नव्हतं. परत आल्या तेव्हा बाळाच्या आईला उत्तर देण्यासाठी महिन्याची सवड मिळाली होती, आणि नर्सनं खोली पुन्हा बघून दिलेला शब्द दोन्ही विभागांनी मानायचा असं ठरलं होतं. नर्स नाही म्हणाली तर हॉटेल.

फोरमन त्याचं सामान घेऊन टोकाच्या घरी गेला. फळ्यांसाठी लाकूड कापायला काढतोय तोच बाई मागच्या शेडमधून पट्ट्यांची एक मोळी घेऊन आल्या. जुन्या हॉटप्रेसच्याच फळ्या.

"तुमच्या माणसांनी फेकायला सांगितल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, कौन्सिल आज जे काढतं ते उद्या परत बसवतं. राहू देत."

फोरमननं टोपी काढून त्यांना अभिवादन केलं. पट्ट्या तंतोतंत बसल्या. बसणारच होत्या, त्या त्याच भिंतींसाठी कापलेल्या होत्या. नळी फिरवली, पंखा लावला, वरच्या खोलीची बुरशी काढून भिंत साफ केली आणि ओलीला टिकणारा रंग दिला. ससा वाचवता आला नाही. बाईंच्या मुलीनं तो पुन्हा काढला; आधीच्यापेक्षा जाड झाला, पण सुखी दिसत होता.

मग वाट बघणं. मी अधूनमधून जाऊन भिंतीला यंत्र लावायचो आणि बाई मला चहा पाजायच्या, विचारल्यासारखं करून. रेडिएटर मोकळे झाले होते. जिन्याचा कठडा दिसू लागला होता; त्यावर कोरीव काम होतं हे मला पहिल्यांदाच कळलं. पाऊस मात्र थांबत नव्हता, आणि मुलीनं खाली दारापाशी एक भरलेली बॅग ठेवली होती. ती बॅग प्रत्येक वेळी मला जाता-येता ओलांडावी लागे.

नर्स आली त्या दिवशी मी आणि फोरमन दोघंही तिथे काही काम नसताना हजर होतो. नर्स वर गेली. आम्ही खाली सोफ्यावर शेजारी शेजारी, दहावीच्या निकालाला बसल्यासारखे. बाई स्वयंपाकघरात उगाच कप घासत होत्या. वर पावलं वाजली, खिडकी उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

नर्स खाली आली. तिनं आमच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

"ग्रँड आहे," ती म्हणाली. "पाळणा खिडकीपासून जरा आत ठेवा. बाकी निजवा बिनधास्त."

मुलीनं बॅग उचलली आणि वर घेऊन गेली. बाईंनी कप खाली ठेवला. फोरमन उठून बाहेर गेला आणि गाडीचे टायर तपासू लागला. टायर चांगले होते.

मी घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन माझ्या दह्याचं?" आमच्या घरमालकाकडे प्रायोगिक प्रकल्प नव्हता. आई परत जाईपर्यंत ओव्हनचा दिवा लावून त्यात विरजण लावायची. कराडला पोचल्यावर शेजारणीला तिनं सांगितल्याचं मी फोनवर माझ्या कानांनी ऐकलं: "पोरगा माझा तिकडं सरकारात हाय. लोकांची कपाटं गरम करतो." आवाजात इतका अभिमान होता की दुरुस्ती करायची मला इच्छाच झाली नाही.

*

पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्या ओळीतल्या सगळ्या घरांचे हॉटप्रेस पुन्हा गरम झाले. आता आम्ही कुठल्याही घराची टाकी बदलायच्या आधी जी पाहणी करतो, तिच्यात एक नवा प्रश्न आहे: "या घरात कपडे कुठे वाळतात?" तो मी लिहिला. एक शब्दही न बदलता छापला गेलेला हा आयर्लंडमधला माझा एकमेव मजकूर आहे. मी आयुष्यात पुष्कळ चांगलं गद्य वाचलंय, पण हे वाक्य मला अजूनही आवडतं. आणि "वापराची सवय" हे बटण कॉम्प्युटरवरून गेलं. ते ज्या जागी होतं तिथे आता थोडी रिकामी जागा दिसते. सुंदर दिसते.

काम पूर्ण झाल्यावर समारंभ ठरला. अर्थातच. टोकाच्या घरातच, कारण ते पहिलं. अध्यक्ष साखळीसह आले, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला, सल्लागारही आले. हॉटप्रेस ही त्यांची कल्पना असावी असा त्यांचा चेहरा होता. सगळे जिना चढून वरच्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीनं उभे राहिले. हॉटप्रेसचं दार उघडं होतं, आत बाळाची झबली घडी करून रचलेली. अध्यक्षांनी घसा साफ केला, कागद उलगडला आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "मित्रहो, आज आपण एका नव्या..."

"श्श," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष थांबले.

बाईंनी मागच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. "झोपलीय."

अध्यक्षांनी कागदाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग एका हातानं गळ्यातली साखळी धरली, वाजू नये म्हणून, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "छान काम झालंय. आभारी आहे." कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्या नोकरीत मी ऐकलेलं ते सर्वोत्तम भाषण.

सगळे चवड्यांवर जिना उतरले. अध्यक्ष, सल्लागार, फोटोग्राफर, फोरमन, शेवटी मी. उतरण्याआधी मी त्या दाराच्या फटीतून आत डोकावलो. खोली कोरडी होती. भिंतीवर जाडा ससा होता, आणि पाळण्यात ती, दोन्ही हात डोक्यावर फेकून, कौन्सिलच्या छताखाली गाढ झोपली होती.